आभार प्रदर्शन माझ्याकडे होतं

आयुष्यात मी एकदाच अगदी मनापासून आभार मानले, आणि तेही सूड म्हणून.

निगडीला बस बदलून जावं लागे अशा एका खासगी विद्यापीठात मी समाजकार्याचं एमए करत होते. शेवटच्या वर्षी सगळ्यांना एक परिसंवाद करावा लागायचा. त्याचं नाव मोठं होतं: जागतिक प्रश्नांवरचा आंतरशाखीय परिसंवाद. इंजिनिअरिंग, मॅनेजमेंट, कायदा आणि आम्ही समाजकार्यवाले अशी मोट बांधून गट करायचे, एकेका गटाने जगाचा एकेक प्रश्न घ्यायचा, वर्षभर त्यावर राबायचं आणि शेवटी सभागृहात चारचौघांसमोर मांडायचं. पाहुणे म्हणून भोसरी-चाकणच्या कंपन्यांमधले साहेब लोक यायचे, कारण आमची पोरं पुढे त्यांच्याकडेच नोकरीला लावायची असायची. त्यांना शाल मिळे, नारळ मिळे, आणि जगाचे प्रश्न त्यांच्यासमोर फार अंग चोरून उभे राहत.

आमच्या गटाकडे वाढत्या उष्म्याचा विषय होता. बाकीच्यांनी हिमनद्या घेतल्या, समुद्र घेतले. मी म्हटलं, लांब कशाला जायचं? आपण चाकणला जाऊ. आम्ही तिथेच राहत होतो, महाळुंग्याच्या बाजूला, एका गाववाल्याने शेतात बांधलेल्या खोल्यांच्या रांगेत. मी शाळेत असताना लातूरकडून आलो होतो. आई एका कंपनीत कंत्राटावर गाड्यांच्या वायरी जोडायची. दिवसभर उभं राहून, समोर सरकत येणाऱ्या फळीवर रंगीत वायरी बसवत जायच्या. आणि चाकणच्या पत्र्याच्या शेडमध्ये उन्हाळ्यात आई पाणी प्यायची नाही.

तहान लागायची नाही असं नव्हे. पाणी प्यायलं की लघवीला जावं लागतं, आणि लाइन थांबत नाही. जायचं तर आपल्या जागेवर उभी राहायला दुसरी बाई लागते. तिला रिलीव्हर म्हणतात. अख्ख्या लाइनीला रिलीव्हर एकच, आणि ती साहेबांनी दिलेली बाकीची कामं करत कुठेतरी गुंतलेली. म्हणून बायका ओठ ओले करायच्या आणि बाटली ठेवून द्यायच्या. आईला मुतखडा झाला. डॉक्टर म्हणाले, भरपूर पाणी प्या. आई घरी येऊन म्हणाली, "जसं काय मला पान्याचा कंटाळाच आलाय."

तर हा माझा विषय होता. मी आईच्या ओळखीने बायकांना भेटत गेले. गुरुवारी जायचे, कारण आमच्या भागात कंपन्यांची सुट्टी गुरुवारी असते. रविवारी पहिल्या शिफ्टच्या बसगाड्या नेहमीसारख्या भरून जातात. गुरुवारी मात्र खोल्यांसमोरच्या दोऱ्या कपड्यांनी वाकलेल्या असतात, बायका केस धुऊन उन्हात बसलेल्या असतात, आणि तेवढाच वेळ त्यांना बोलायला असतो. त्या बोलल्या. कुणी आधी हसल्या, कुणी रडल्या, एकीने तर सांगता सांगता माझ्याकडून शेंगा सोलून घेतल्या. सगळ्यांचं मागणं एकच होतं: उन्हाळ्यापुरती तरी लाइनीवर आणखी एक रिलीव्हर द्या. आणि सगळ्यांची अट एकच: आमचं नाव येता कामा नये. आईचीही तीच. "नाव निगालं का दुसऱ्या दिशी कंत्राटदार घरी बसवतोय बघ," ती म्हणाली. मी तिला शब्द दिला. त्या बायकांनाही दिला, की साहेब लोकांच्या तोंडावर तुमचं मागणं मी स्वतः बोलून दाखवीन.

गटात आम्ही चौघं होतो. त्यांतले दोघं हजेरीपुरते, त्यांना मी या गोष्टीत आणत नाही. चौथा सांगवीचा, मॅनेजमेंटचा. आईवडील दोघंही आयटीत, बोलणं गोड, इंग्रजी लोण्यासारखं. तो चाकणला एकदाच आला. आमच्या चौकात गाडीतच बसून राहिला, एसी चालू ठेवून, आणि मला फोन केला, "यार, इथे पार्किंगच नाहीये." मग गेला परत. मी वर्षभर जे लिहून पाठवलं ते मात्र तो मन लावून वाचायचा. मला वाटायचं, चला, निदान वाचतो तरी. आयत्या बिळावर नागोबा कसा येतो हे म्हणीत ऐकलं होतं, पण तो इतका नम्रपणे येत असेल असं वाटलं नव्हतं.

परिसंवादाच्या आदल्या आठवड्यात मॅडमनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम म्हणजे या सगळ्या प्रकाराच्या प्रमुख. सुती साड्या, मोठं कुंकू, आणि सगळ्या विद्यार्थ्यांवर सारखंच प्रेम, फक्त काहींवर जरा जास्त सारखं. त्यांनी आमच्या स्लाइड्स दाखवल्या. पहिल्या स्लाइडवर लिहिलं होतं, संकल्पना आणि क्षेत्रकार्य: त्या सांगवीवाल्याचं नाव. खाली बारीक अक्षरांत, भाषासाहाय्य: माझं नाव.

मी म्हटलं, "मॅडम, क्षेत्रकार्य मी केलंय."

"हो गं, टीमवर्क आहे ना हे," मॅडम म्हणाल्या. "पण प्रेझेंटेशन एकानेच करायचं असतं, आणि त्याचं कम्युनिकेशन चांगलं आहे. पाहुणे मोठे आहेत."

मग मी पुढच्या स्लाइड्स पाहिल्या. रिलीव्हरचं मागणं गायब होतं. त्याच्या जागी एक ॲप आलं होतं. दर तासाला बाईच्या मोबाइलवर घंटी वाजणार आणि एक हसरा थेंब सांगणार, ताई, पाणी प्या! मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "प्रॉब्लेम नुसता सांगून चालत नाही यार, सोल्यूशन द्यावं लागतं. आणि कंपनीवाल्यांना डायरेक्ट बोललो तर ते चिडतील."

"मग मी काय करू?" मी विचारलं.

मॅडमना माझी खरंच काळजी वाटली असावी. त्या म्हणाल्या, "तुझं मराठी किती छान आहे. आभार प्रदर्शन तू कर."

मी "बरं" म्हटलं. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला फक्त रडू येत होतं. राग नंतर आला, बसमध्ये, आणि एकदा आला तो आलाच. घरी पोचेपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शंभर वेळा स्टेजवरून ढकललं होतं. आईला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती, हात न थांबवता म्हणाली, "मंग आमचं बोलनार कोन?" मला तेच टोचलं. माझं नाव गेलं हे एक दुखणं होतं, पण त्या बायका मला रस्त्यात भेटणार होत्या, नळावर भेटणार होत्या, आणि त्यांना मी काय सांगणार होते? की तुमच्या तहानेवर एक घंटी बसवली?

परिसंवाद गुरुवारी ठेवला होता, साहेब लोकांना त्या दिवशी मोकळीक असते म्हणून. आईलाही सुट्टी होती. ती भाचीच्या लग्नातली साडी नेसून आली आणि शेवटच्या रांगेच्या आधीच्या रांगेत बसली. दुसऱ्या रांगेत त्याचे आईवडील होते. त्याची आई फोन वर धरून सगळं चित्रित करत होती, सुरू व्हायच्या आधीपासून. व्यासपीठावरच्या मधल्या खुर्चीतल्या पाहुण्यांचा परिचय सुरू झाला आणि मी वळून आईकडे पाहिलं. तिने पदर पुढे ओढला होता आणि ती खुर्चीत खाली सरकली होती. ते तिच्याच प्लांटचे प्रमुख होते. ती त्यांना सव्वीस जानेवारीच्या झेंड्याला दरवर्षी लांबून बघायची. ते तिला ओळखण्याचा प्रश्नच नव्हता, पण भीतीला एवढा हिशेब कळत नाही.

तो बोलायला उभा राहिला. बोलला छानच. माझीच वाक्यं, इस्त्री केलेली. बायकांनी मला सांगितलेलं सगळं त्याच्या तोंडून येत होतं, आणि प्रत्येक वाक्यागणिक मी दातओठ खात होते. मग ॲप आलं. हसरा थेंब पडद्यावर उड्या मारायला लागला. कंपनीवाल्यांच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. एक गृहस्थ बसल्या बसल्या म्हणाले, "अहो, पण मोबाइल तर आमच्याकडे गेटवरच जमा करून घेतात. लाइनीवर फोन नाही नेऊ देत." सभागृह हसलं. तो जरा गोंधळला, म्हणाला, हे सजेशन आम्ही पुढच्या टप्प्यात घेऊ.

मला काय आनंद झाला म्हणून सांगू! असा आनंद परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता. मी हातातल्या आभाराच्या कागदाची सुरळी करत होते आणि मनात म्हणत होते, अजून बोल, बाबा, अजून बोल.

तो बोलला. सावरायचं म्हणून त्याने आवाज हळवा केला आणि सांगितलं, "मी स्वतः दर रविवारी त्यांच्या खोल्यांवर जायचो. आठवड्याचा एकच सुट्टीचा दिवस, पण त्या माझ्यासाठी वेळ काढायच्या."

त्याच्या घरात सुट्टी शनिवार-रविवारी असते. जगातल्या सगळ्यांची तेव्हाच असते असं त्याला वाटलं, यात त्याची काय चूक?

प्लांटप्रमुखांनी समोरचा माइक ओढून घेतला. आवाज शांत, अगदी मुलांना समजावतात तसा. "बाळा, रविवारी आमची पहिली शिफ्ट फुल असते. सुट्टी गुरुवारी. आज आहे ना, म्हणून तर आम्ही आलो." पुन्हा हशा. मग ते सभागृहाकडे वळले. "मुलांचा उत्साह चांगला आहे. पण यावरून काय ते लक्षात आलं असेल आपल्या. कोणी कुठे गेलेलं नाही, कोणाला भेटलेलं नाही. घरी बसून अशा गोष्टी रंगवता येतात. आमच्याकडे जागोजागी कूलर आहेत, बायका पाणी पितात, मजेत आहेत." टाळ्या पडल्या. चांगल्याच पडल्या.

आणि माझा आनंद जागच्या जागी गोठला. चोर पकडला गेला होता, पण चोराबरोबर माल पण खोटा ठरला होता. ज्यांच्यासाठी मी वर्षभर पायपीट केली त्या बायका एका वाक्यात नाहीशा झाल्या. मी शेवटून दुसऱ्या रांगेकडे पाहिलं. आई मजेत नव्हती. ती मान खाली घालून पदराच्या काठाची घडी घालत होती, पुन्हा उलगडत होती.

मॅडम उठल्या, घाईने म्हणाल्या, वेळेअभावी प्रश्नोत्तरं थांबवू आणि आभार प्रदर्शनाकडे वळू.

आभार प्रदर्शनाची एक गंमत आहे. ते कोणी ऐकत नाही. बाहेर वड्याचा वास सुटलेला असतो, लोक पिशव्या शोधत असतात. पण आभार मानणाऱ्याला कोणी थांबवतही नाही. आजवर आपल्याकडे कुणी कुणाच्या हातातून आभाराचा माइक काढून घेतलेला मी पाहिलेला नाही. पाहुण्यांचे आभार अर्धवट सोडायचे म्हणजे पाहुण्यांचा अपमान. तो कागद मी खिशात घातला आणि माइकसमोर उभी राहिले.

"सर्वप्रथम प्रमुख पाहुण्यांचे आभार," मी म्हटलं. "त्यांनी आपल्या सर्वांना आठवण करून दिली की चाकणला सुट्टी गुरुवारी असते. ते अगदी खरं आहे. मी वर्षभर गुरुवारीच जात होते." सभागृहातली चुळबुळ जरा कमी झाली. "गुरुवारी गेलेली मी होते, त्यामुळे रविवारी कोण गेलं होतं ते मला सांगता येणार नाही. माझ्या सहकाऱ्याचे आभार, की मी लिहिलेलं सगळं त्यांनी एवढं पाठ केलं. फक्त वार तेवढा लिहायचा राहिला होता माझ्याकडून."

हशा पिकला. मॅडम अर्ध्या उठल्या. मी त्यांच्याकडे वळून हात जोडले. "मॅडमचे आभार. भाषासाहाय्य म्हणून माझं नाव बारीक अक्षरांत का होईना, पण ठेवलं." मॅडम बसल्या. शालजोडीतले मारणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी हाताला जाणवलं.

मग मी त्या बायकांचे आभार मानले. नाव कुणाचंच घेतलं नाही, कंपनी कुठलीच सांगितली नाही. म्हटलं, त्यांनी मला सांगितलं की कूलर आहेत, आणि पाणी गार आहे. तरी त्या पीत नाहीत, कारण प्यायलं तर जावं लागतं, आणि जायचं तर जागेवर उभी राहायला दुसरी बाई नाही. त्यांना घंटी नको आहे, त्यांना तहान लागते ते कळतं. त्यांना उन्हाळ्यात लाइनीवर एक जास्तीची रिलीव्हर हवी आहे. एवढंच. "हे मागणं पाहुण्यांनी ऐकून घेतलं, त्याबद्दल त्यांचे पुन्हा आभार." ते ऐकून घेत होते. दुसरं करतात काय? आभार चालू होते.

इथे थांबायला हवं होतं. शब्द पाळला होता. आईने मान वर केली होती. पण तो समोर पहिल्या रांगेत मान खाली घालून बसला होता, आणि मला ती मान आणखी खाली गेलेली पाहायची होती.

"शेवटी," मी म्हटलं, "माझ्या सहकाऱ्याच्या आईवडिलांचे विशेष आभार. आज ते आवर्जून आलेत, आईंनी सगळं रेकॉर्डही केलंय. आपल्या मुलाला त्यांनी चाकणच्या उन्हाची झळ कधी लागू दिली नाही, आणि दुसऱ्याच्या कष्टावर नाव कसं काढावं याचे उत्तम संस्कार केले."

मोठा हशा झाला, दिवसभरातला सगळ्यात मोठा. त्याच्या आईने फोन हळूच खाली घेतला आणि पर्समध्ये टाकला. तो वर बघेना. मग राष्ट्रगीत झालं.

चहाच्या वेळी प्लांटप्रमुख स्वतः माझ्याजवळ आले. शाल हातावर टाकलेली. "छान बोलतेस," ते म्हणाले. "कुठल्या कंपनीतल्या गं या बायका?"

"सगळ्याच कंपन्यांतल्या, सर," मी म्हटलं.

ते हसले. "एक जास्तीची बाई, एवढंच ना? बघू." मग शेजारी वड्याची बशी धरून उभ्या असलेल्या आईकडे वळून म्हणाले, "तुमची मुलगी का? हुशार आहे." आईने मान डोलावली. त्यांच्या लाइनीवर वर्षानुवर्षं उभी असलेली बाई त्यांच्यापासून हातभर अंतरावर होती आणि ते तिला नमस्कार करून निघून गेले. याचीही मी मनातल्या मनात नोंद करून ठेवली.

त्याची दाराशी गाठ पडली. डोळे लाल. "तू मला आधी सांगू शकली असतीस," तो म्हणाला.

"काय? गुरुवार?"

"माझ्या आईला मध्ये आणायची गरज नव्हती."

"आभार मानले मी," मी म्हटलं आणि चालू लागले. असं चालायला मिळावं म्हणून माणूस किती दिवस काढतो!

निगडीहून घरी जायच्या बसमध्ये आम्हाला शेजारी शेजारी जागा मिळाली. मी बोलत सुटले होते. मॅडम कशा बसल्या, साहेबांचं तोंड कसं झालं, पुन्हा पुन्हा. मला आईकडून शाबासकी हवी होती, आणि ती मिळणार याची खात्री होती. भोसरी ओलांडेपर्यंत तिने मला बोलू दिलं.

मग म्हणाली, "आमचं बोललीस ते लई चांगलं केलंस. जीव भरून आला माजा."

"मग?"

"त्या पोराच्या मायला कामून वढलंस?"

मी म्हटलं, "त्याने काय केलं ते माहितीये ना तुला?"

"त्यानं केलं. तिनं काय केलं व्हतं? लेकरू उभं राहिलं म्हनून फोनात काढू लागली व्हती. मला येत आसतं तर मीबी तुला काढलं आसतं." ती खिडकीबाहेर पाहत होती, माझ्याकडे नाही. "आमचा सुपरवायझर आसंच करतोय. वायर एकीनं चुकीची लावली तर तेवढ्यावर थांबत न्हाई. मायबापानं काय शिकवलं म्हनतोय. आन मंग समदी लाइन हसती. आज तुजं तोंड अगदी तसं दिसलं मला."

मला सांगायचं होतं की तो आणि मी सारखे नाही. सांगायचं होतं की माझ्यावर अन्याय झाला होता, त्याच्यावर कोणी केला होता? हे सगळं खरं होतं आणि आजही खरं आहे.  मला वाईट वाटतंय का ते मी आत नीट बघितलं. त्या बाईने फोन पर्समध्ये टाकला तो क्षण पुन्हा डोळ्यांसमोर आणला, आणि तो मला पुन्हा तितकाच गोड लागला.

आईने तेवढ्यात वळून माझ्याकडे पाहिलं. तिला ते दिसलं असावं. तिने मांडीवरची पिशवी उचलली आणि आम्हा दोघींच्या मध्ये ठेवली.